गाडी जपली, प्रवासही जपा

जुन्या मोटारींचा शौक आता बऱ्याच जणांना लागला आहे. गंजलेली फियाट किंवा आजोबांच्या वेळची अ‍ॅम्बेसेडर पुन्हा चालती करायची, सुट्या भागांसाठी भंगारबाजार पालथा घालायचा, सुटीच्या दिवशी जमून जुन्या सडकेने फेरी मारायची, वाटेतले पूल व मैलाचे दगड पाहायचे, असा हा छंद. सरकारनेही २०२१ साली नियम करून पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील गाडीच्या वेगळ्या नोंदणीची सोय केली. नवीन नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले.

आमचा या छंदाला विरोध नाही. उलट कौतुकच आहे. मात्र रस्त्याचा इतिहास सांगायचा तर गाडीत कोण बसले, कोणाला बसू दिले नाही आणि गिट्टी कोणी फोडली, हेही सांगावे लागेल.

आपल्या अमरावतीचेच पाहा. नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही परकोटाच्या वेशींची नावेच जुन्या वाटा दाखवितात. १८४२ साली येथील एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून रस्त्याने कलकत्त्यास धाडला, असे जुने गॅझेटियर सांगते. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातली उपाशी माणसे सरकारी कामावर सडकेची गिट्टी फोडीत होती. व्यापाऱ्याची गोष्ट उरली, गिट्टी फोडणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही मैलाच्या दगडावर नाहीत.

१९२७ साली अमेरिकेत फोर्डची प्रसिद्ध 'टी' मोटार दीड कोटी गाड्या काढून बंद झाली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात आपल्या माणसांना पाऊल टाकू द्यायचे की नाही हा ! जग मोटारीत बसले होते आणि आपण उंबरठ्याबाहेर उभे होतो.

१९०१ साली मसूरहून गोरेगावला निघालेल्या बालभीमरावांना आणि सोबतच्या मुलांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, असे ठरले. वाटेत टोलनाक्यावर पाण्याचा घोटही मिळाला नाही. १९२९ साली ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते. तरी चाळीसगावात टांगेवाले त्यांना नेईनात. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. समाजातल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ ? त्या दिवशी हेच रस्ते नागपूरकडे वाहू लागले. कोणी रेल्वेने, कोणी बैलगाडीने, कोणी भाकरीचे गाठोडे घेऊन पायी गेले. आमच्या मते वऱ्हाडच्या रस्त्यांवरचा हा सर्वांत मोठा प्रवास होय.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात विक्रमाची नोंद झाली. सुमारे ७२० माणसे त्यासाठी राबली. विक्रम सर्वांना पाठ आहे, त्यांच्यातले एक तरी नाव कोणाला ठाऊक आहे काय ?

म्हणून आमची मातामाउलींना आणि तरुणांना विनंती आहे. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसा. आजी, नागपूरला कशाने गेलीस ? रात्री मुक्काम कुठे पडला ? पाणी कोणी दिले, कोणी नाकारले ? बाबा, सडकेच्या कामावर कुठे कुठे गेलात ? नाव, गाव, वाट, सारे वहीत उतरवून घ्या. जुन्या मोटारीला सुटा भाग शोधून सापडतो. आजीची आठवण एकदा गेली की ती कोणत्याच बाजारात मिळत नाही.

जयभीम !