नव्या चर्चमध्ये आजींना नेताना

वसईहून मुंबईत लेकाकडे राहावयास आलेल्या एका आजींना एका रविवारी चर्चमधून थेट माझ्या दवाखान्यात आणले. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, रक्तातील साखर अवघी 58. मधुमेहाची गोळी सकाळीच घेतलेली. पोटात मात्र काही नाही. मिस्सेपूर्वी खायचे नाही, हा बालपणीचा संस्कार! गावची मिस्सा तासाभरात आटपे. येथे वाचने आणि प्रवचन मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, त्यामुळे वेळ लांबला.

त्या काळी मध्यरात्रीपासून उपास असे, हे खरे. परंतु कॅथलिक चर्चने 1964 साली तो कम्युनियनपूर्वी एका तासावर आणला. पाणी व औषध तर केव्हाही चालते. 1983 च्या धर्मसंहितेने वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना त्या तासाचेही बंधन ठेवलेले नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनी हे स्वतःसाठीही ध्यानात ठेवावे.

अनोळखी चर्चमध्ये प्रथमच नेताना मिस्सा किती वेळ चालते, हे आधी विचारून घ्यावे. बाकाच्या कडेची जागा धरावी, खिशात साखर असावी. गुडघे टेकणे झेपत नसेल तर बसून राहावे. कोणी नावे ठेवीत नाही.

पुढच्या रविवारी आजी पेज घेऊन गेल्या. मराठी गीते त्यांनी खणखणीत म्हटली, असे सूनबाई सांगत होत्या. इंग्रजी प्रवचनाबद्दल आजींची तक्रार मात्र कायम आहे.