फुकटचा गडी, नवा विळा

आमचा संगणक परीक्षेत नापास झाला. गंमत अशी की, परीक्षा त्याची नव्हतीच. तो परीक्षक म्हणून गेला होता!

त्याचं असं झालं. आमच्या चिरंजीवांनी एका नव्या व्हिडिओ गेमच्या ‘बीटा’साठी अर्ज केला. बीटा म्हणजे गेम बाजारात येण्यापूर्वीची चाचणी. अर्धाकच्चा गेम लोकांनी खेळायचा आणि तो कुठं अडतो, कुठं कोसळतो, हे कंपनीला कळवायचं. मोबदला शून्य. तरीही निमंत्रण आलं तेव्हा सौ.नी गुलाबजाम मागवले. धाराशिवात आनंद साजरा करायची तीच रीत. रात्रभर गेम उतरवून घेतला आणि सकाळी पडद्यावर निकाल लागला: तुमचा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही.

“बाबा, आपला कॉम्प्युटर म्हातारा झालाय म्हणं.”

“म्हातारा? अरे, २०१५ साली घेतलाय! तुझ्यापेक्षा लहान आहे तो!”

वाचकहो, माझं भांडण इथंच आहे. सोयाबीन काढायला गडी बोलवायचा, रोज द्यायचा नाही, आणि वर ‘विळा नवाच आण’ म्हणून दटावायचं, हा कुठला न्याय? आमच्याकडं असा शेतकरी निघाला तर त्याचं सोयाबीन दिवाळीपर्यंत रानातच उभं राहील.

आता थोडा हिशेब. मी कॉमर्सचा, हिशेबाशिवाय मला राग नीट येत नाही. १९९३ साली ‘डूम’ नावाचा गेम आला. तो चार एमबी रॅमवर चालायचा आणि त्यानं जगाला वेड लावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘बॅटलफील्ड ६’ची खुली चाचणी झाली. तिची किमान अट सोळा जीबी. म्हणजे ४,०९६ पट! चित्रं देखणी झाली, कबूल. पण मजा ४,०९६ पट वाढली काय? तसं असतं तर एव्हाना पोरं हसून हसून दवाखान्यात भरती झाली असती.

आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. दुष्काळात बोरी-बाभळीचा पाला खाऊन ती जगते, आणि वर जुळी करडं देते. म्हणून तिचं नाव आहे. हिरव्या चाऱ्यावर कुठलंही जनावर तग धरतं, त्यात जनावराचं कौतुक काय? गेमचंही तसंच. महागड्या यंत्रावर तो पळणारच. त्याची खरी परीक्षा आमच्या घरातल्या चार जीबीच्या दुष्काळात! आणि चाचणीला नेमके आम्हीच नको. मग अडतं कुठं, हे त्यांना सांगणार कोण? ज्याचं काही अडतच नाही, तो?

“नवीन घेऊ या का?” सौ.नी हळूच विचारलं. बँकेत कर्जाचे फॉर्म तपासण्यात माझी उमर गेली. फुकट काम करण्यासाठी काढलेलं कर्ज कोणत्या रकान्यात बसतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

चिरंजीव मात्र तोंड पाडून बसले होते. म्हटलं, “अरे, निमंत्रण परीक्षकाचं आहे ना? मग अहवाल पाठव.”

त्यानं पाठवला. एकाच ओळीचा: ‘आमचा संगणक व्यवस्थित चालतो, तुमचा गेम चालत नाही. दुरुस्त करावा.’