"यात पीनट आहे का?"

ऑक्टोबर सरत आला की इकडे न्यू जर्सीत दारोदार भोपळे दिसायला लागतात. ३१ तारखेला संध्याकाळी पोरं भुतं-चेटकिणी बनून येतात, आपण मूठभर चॉकलेटं द्यायची, झालं!

गेल्या वर्षी एका चिमुरड्या स्पायडरमॅनने विचारलं, "यात पीनट आहे का?" मी चॉकलेट उलटंपालटं करून बघितलं. या छोट्या चॉकलेटांवर बऱ्याचदा घटकांची यादीच नसते. बिचारा रिकामाच गेला. दाण्याच्या कुटावर वाढलेल्या मला हे कधी सुचलंच नव्हतं.

लोकांना भीती असते ती कुणा अनोळखी माणसाने गोळीत विष घातलं तर याची. पण १९७४च्या हॅलोविनला टेक्सासमध्ये सायनाइडने एक मुलगा गेला, ते त्याच्या वडिलांनीच दिलेलं होतं! ॲलर्जीचा धोका मात्र खरा आणि रोजचा.

उपाय सोपा आहे. वेगळ्या वाडग्यात पेन्सिली, स्टिकर्स, ग्लो स्टिक्स ठेवा. (अगदी लहानग्यांना बारीक वस्तू नकोत, घशात अडकतात.) दाराशी मोरपंखी रंगवलेला भोपळा ठेवला की पालकांना कळतं, इथे खाऊशिवायही काहीतरी मिळेल. २०१४ पासून ही खूण अमेरिकाभर पसरली आहे.

चॉकलेटं बंद करा असं नाही म्हणत मी. फक्त आपल्या दारातून एकही पोर रिकाम्या हाताने जाऊ नये. बघा पटतंय का.