आत्याचा रंग कोणी बदलला?



आत्या गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तिचा फोटो मोठा करायला भाईंदर पूर्वेच्या एका स्टुडिओत दिला होता. फ्रेम घरी आली आणि सगळे गप्प झाले. फोटोतली बाई गोरी होती. सुरकुत्या गायब, कपाळावरचं गोंदण पुसलेलं. आयुष्यभर नाक्यावर उन्हात बसून भाजी विकणाऱ्या बाईला तिचा नातूच ओळखेना. स्टुडिओवाला म्हणाला, "साहेब, चांगला करून दिलाय."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हीच खरी अडचण आहे. चांगला म्हणजे गोरा, हे त्याला शिकवावं लागलं नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी ठामपणे मांडलं. आपल्यात गोरे आहेत, त्यांच्यात सावळे आहेत. तरीही सौंदर्याचं माप मात्र वरून खालीच येतं, आणि लग्नाच्या बायोडाट्यापासून फोनच्या ब्युटी मोडपर्यंत आपण ते मुकाट्याने स्वीकारतो.

यंत्रही याला अपवाद नाही. कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी जे नमुना कार्ड देत असे, त्यावर अनेक दशकं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट आली की रंग बरोबर, असा हिशोब. काळ्या माणसांचे चेहरे डागासारखे आले तरी चालत होतं. पुढे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तपकिरी छटा नीट येत नसल्याची तक्रार केली, त्याचाही फिल्म सुधारण्यात वाटा होता. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा मालाची दखल आधी घेतली गेली!

मग करायचं काय? 1920 साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेब तक्रार करत बसले नाहीत. त्यांनी एकामागून एक पत्रं काढली, स्वतःचा छापखानाही उभा केला. आज आपल्या हातात फोटो संपादनाचं टेबल आहे. ते घरातच मांडा. वन रूम किचनमध्येही ते मावतं.

पैसे कमी असतील तर कॉम्प्युटर जुना घ्या, पण मॉनिटरवर काटकसर करू नका. लॅमिंग्टन रोडला वापरलेले कॉम्प्युटर मिळतात. एसएसडी असावी, रॅम शक्यतो 16 जीबी. मॉनिटर आयपीएस पॅनेलचा आणि एसआरजीबी रंग जवळजवळ पूर्ण दाखवणारा घ्या. साध्या टीएन पॅनेलवर मान थोडी हलवली तरी चेहऱ्याची छटा बदलते. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. गिम्प आणि डार्कटेबल मोफत आहेत.

मांडणीही महत्त्वाची आहे. स्क्रीन खिडकीसमोर नको, खिडकी बाजूला हवी. रंगाचं तापमान 6500 केल्विनवर ठेवा, नाईट मोड बंद करा. शेजारी पांढरा कागद धरा. स्क्रीन त्याच्यापेक्षा भगभगीत दिसत असेल तर ब्राइटनेस उतरवा. भगभगीत स्क्रीनवर काम केलं की प्रिंट काळपट येते, आणि त्याचा पहिला फटका सावळ्या चेहऱ्यालाच बसतो. रंग तपासणारं कॅलिब्रेशनचं यंत्र प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. विहारातल्या दहा जणांनी वर्गणी काढून एक घ्यावं आणि आळीपाळीने वापरावं.

कोणी म्हणेल, फोटो उजळणं हेसुद्धा खोटंच ना? नाही. पांढऱ्या साडीमुळे कॅमेऱ्याने चेहरा अंधारात टाकला असेल, तर सावली थोडी उचलून तो परत आणणं हा न्याय आहे. त्वचेचा रंगच बदलणं ही बनवाबनवी आहे. अत्याचाराच्या घटनेचे फोटो मात्र अजिबात संपादित करू नका. मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा, काम प्रतीवर करा. उद्या कोर्टात तोच पुरावा असतो.

"चळवळीपुढे एवढे प्रश्न असताना मॉनिटर कसला?" असंही विचारलं जाईल. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, तेव्हा शहराला गटारात उतरलेला माणूस बघावा लागला. आपल्या माणसांचं खरं रूप दाखवणं हेही चळवळीचंच काम आहे. आणि आपल्या घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत मोर्चांचे, धम्मदीक्षेचे फोटो खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी धरताहेत. ते आपण नाही वाचवले तर कोण वाचवणार?

आत्याचा मूळ फोटो मी पुन्हा स्कॅन केला. गोंदण परत आलं, सुरकुत्या आल्या, उन्हाने रापलेला रंग आला. नवी फ्रेम भिंतीवर लावली तेव्हा नातू म्हणाला, "ही आमची आजी." येत्या 14 एप्रिलला मिरवणुकीचे फोटो काढाल, तेव्हा ते दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एवढं आठवा.

जय भीम!