कायम नेमणुकीची कसोटी

मुलगी, सून किंवा जांवई अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांत शिकवितात, अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां विरळा नाहींत. नोकरीस दोनतीन वर्षें होऊन गेल्यावरहि "अजून परीक्षण व्हावयाचें आहे" असें तिकडून कळतें, तेव्हां इकडील वडील माणसें काळजींत पडतात. कामांत कांहीं उणें दिसलें असावें, असा तर्क चालतो. हा तर्क निराधार आहे. तें परीक्षण म्हणजे काय आणि त्याची तयारी कशी करावी, याविषयीं चार शब्द येथें लिहावे असें आम्हांस वाटतें.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाचें सार्वजनिक महाविद्यालय. आजतागायत चालू असलेल्या अशा कॉलेजांपैकीं सर्वांत जुनें इलिनॉय राज्यांत जोलिएट येथें १९०१ सालीं निघालें. या कॉलेजांतून नुकतीच शाळा संपविलेलीं मुलें असतात, तशीं दिवसभर कामावर राबून सायंकाळीं वर्गास येणारीं प्रौढ माणसेंहि असतात. कोणी पुढें विद्यापीठांत जाण्यासाठीं शिकतो, कोणी शुश्रूषेचा किंवा यंत्रदुरुस्तीचा धंदा शिकतो. म्हणून येथील शिक्षकाची पारख प्रथम त्याच्या शिकविण्यावरून होते. संशोधनाचे निबंध किती छापले, याला मोठ्या विद्यापीठांतल्यासारखें महत्त्व नसतें.

कॅलिफोर्नियाचें उदाहरण घेऊं. तेथें पूर्ण वेळाच्या नव्या शिक्षकास सामान्यतः पहिला करार एक वर्षाचा, दुसरा एक वर्षाचा आणि तिसरा दोन वर्षांचा मिळतो. या चार वर्षांत दरवर्षीं निदान एकदां परीक्षण झालेंच पाहिजे, असा कायदा आहे. त्यांत सहकारी शिक्षकांचें मत घेतलें जातें, व शक्य तेथें विद्यार्थ्यांचेंहि. पुढें कॉलेजच्या प्रमुखांची शिफारस होऊन लोकांनीं निवडलेलें विश्वस्त मंडळ निर्णय करतें. तिसऱ्या कराराच्या अखेरच्या वर्षीं हा निर्णय १५ मार्चपर्यंत लेखी कळवावा लागतो. न कळविल्यास नेमणूक कायम झाली असें कायद्यानें धरलें जातें. या टप्प्यावर मधला मार्ग नाहीं : कायम, नाहीं तर निरोप. सारांश, परीक्षण चालू असणें हा ठपका नव्हे. तो सर्वांस सारखा लागू असलेला नेम आहे.

एवढी कसोटी कशासाठीं, हें एका खटल्यावरून कळेल. रॉबर्ट सिंडरमन हे टेक्सासमधील ओडेसा ज्युनियर कॉलेजांत वर्षावर्षाच्या करारावर चार वर्षें शिकवीत होते. ज्युनियर कॉलेज शिक्षकांच्या प्रांतिक संघाचे ते अध्यक्ष झाले, आणि कॉलेज चार वर्षांचें करावें कीं नाहीं या प्रश्नावर त्यांचा चालकांशीं मतभेद झाला. १९६९ सालीं त्यांचा करार पुढें चालविला गेला नाहीं. त्यांस सुनावणीहि मिळाली नाहीं. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, कायम नेमणूक नसली तरी केवळ मत मांडल्याबद्दल शिक्षकास दूर करतां येत नाहीं. आणि संस्थेच्या नियमांवरून व रिवाजावरून नोकरीवर हक्क उत्पन्न झाला असल्यास तो सिद्ध करण्याची संधि त्यास मिळाली पाहिजे. जें मिळविण्यासाठीं सिंडरमन यांस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें, तें कायम झालेल्या शिक्षकाच्या पदरीं आधींच असतें : कारण दाखविल्यावांचून व म्हणणें ऐकल्यावांचून त्यास काढतां येत नाहीं. आपल्या पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षें सेवेचें वचन संस्थेस देत. येथें चार वर्षें पारखून संस्थाच शिक्षकास वचन देते. वचन मोठें, म्हणून पारखहि कसून.

आतां तयारीविषयीं. ती चौथ्या वर्षीं आरंभावयाची नसून पहिल्या सत्रापासून करावयाची असते. मंजूर अभ्यासक्रमाशीं जुळणारी वर्गाची आखणी, प्रश्नपत्रिका, नांवें झांकून ठेवलेले विद्यार्थ्यांचे कांहीं निबंध, कॉलेजच्या समित्यांत केलेलें काम, हें सर्व तारीखवार एका ठिकाणीं राहूं द्यावें. पहिल्या परीक्षेनंतर बरींच मुलें वर्गास येईनाशीं झालीं, तेव्हां पुढील सत्रांत काय बदललें आणि त्याचा परिणाम काय झाला, याची चार ओळींची नोंद पानभर स्तुतीपेक्षां अधिक बोलते.

दुसरी गोष्ट टीकेची. आपण निर्दोष दिसावें अशी इच्छा उमेदवारास स्वाभाविकपणेंच होते; पण समितीला निर्दोष माणूस नको असतो, शिकणारा शिक्षक हवा असतो. "फळ्याकडे तोंड करून बोलतां" असा शेरा पहिल्या वर्षीं आला असल्यास दुसऱ्या वर्षाच्या आत्मपरीक्षणांत त्याचा उल्लेख स्वतः करावा आणि काय सुधारलें तें सांगावें. शेरा अन्यायाचा वाटल्यास रागानें बोलूं नये व मुकाट्यानेंहि बसूं नये. मुदतींत, शांत शब्दांत, लेखी उत्तर द्यावें. निर्णयापूर्वीं मंडळापुढें परीक्षणांचे अहवाल यावे लागतात. आणि प्रतिकूल निर्णय समंजस माणसास अवाजवी वाटेल असा असेल, तर त्याविरुद्ध दाद मागण्याची तरतूद कॅलिफोर्नियांत आहे. अशा वेळीं कागदच साक्ष देतात.

येथें आपल्या संस्कारांची एक अडचण आड येते. स्वतःच्या कामाविषयीं स्वतः बोलूं नये, असें आपणांस लहानपणापासून शिकविलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु केलेल्या कामाचा हिशेब देणें ही आत्मश्लाघा नव्हे. ज्यांनीं आपला वर्ग वर्षांतून एकदोनदांच पाहिला, त्यांस उरलेल्या दिवसांचें काम सांगितल्यावांचून कसें कळावें? खतावणी चोख ठेवणाऱ्यास कोणी बढाईखोर म्हणत नाहीं.

घरच्या मंडळींचाहि यांत वाटा आहे. लेकीकडे किंवा सुनेकडे जावयाचें असल्यास तिच्या परीक्षणाचे आठवडे विचारून घ्यावे. त्या दिवसांत पाहुणचाराची अपेक्षा न धरतां स्वयंपाक व मुलें आपण सांभाळावीं. शेजारच्या घरीं कोण कायम झालें, हें तिला ऐकवूं नये. आणि नकार आलाच, तर तो घराण्याचा कमीपणा मानूं नये. चार वर्षांत अंगीं आलेलें शिकविण्याचें कसब कोणतेंहि मंडळ परत घेऊं शकत नाहीं, आणि जपून ठेवलेले तेच कागद दुसऱ्या कॉलेजच्या दारीं तिच्या उपयोगीं पडतात.