तारलीची चरबी आणि माडाचें आळें

सुवर्णदुर्गासमोरील हर्णे बंदरावर सायंकाळीं मासळीचा लिलाव भरतो. होड्यांतील माल बैलगाड्यांनीं किनाऱ्यास आणण्याचा तेथील प्रघात जुना आहे. पापलेट, सुरमई यांस गिऱ्हाईक हातोहात मिळतें. परंतु तारलीचा मोठा थवा जाळ्यांत सांपडला म्हणजे ढीग पडतात, भाव बसतो, आणि उरलेला माल खताच्या भावानें जातो. त्यांतील कांहीं आम्हां बागाईतदारांच्या माडांच्या आळ्यांत पुरला जातो. हा व्यवहार कोळी व बागाईतदार या दोघांच्याहि तोट्याचा आहे असें आमचें मत आहे, व त्याचें कारण तारलीच्या चरबींत आहे.

कोणतेंहि तेल घेतलें तरी त्याची घडण एकच. ग्लिसरीनच्या कण्यास मेदाम्लांच्या तीन सांखळ्या जोडलेल्या असतात. खोबरेलांतील सुमारें निम्मा भाग बारा कर्बांच्या लॉरिक आम्लाचा. त्याच्या सांखळींत दुहेरी बंध नाहीं, म्हणून खोबरेल थंडींत थिजतें व पुष्कळ दिवस टिकतें. तारलीच्या तेलांत सोळा कर्बांचें पामिटिक आम्ल बरेंच असतें. पण तिचें वैशिष्ट्य निराळें आहे. तींत २० कर्बांचें व ५ दुहेरी बंधांचें, आणि २२ कर्बांचें व ६ दुहेरी बंधांचें, अशीं दोन आम्लें असतात. औषधांच्या दुकानांत 'ओमेगा-३' या नांवाच्या गोळ्या विकतात, त्यांत मुख्यतः हींच असतात. यांपैकीं दुसरें आम्ल मेंदूच्या व डोळ्यांच्या घडणीस लागतें.

हीं आम्लें तारली स्वतः फारशीं तयार करीत नाहीं. पावसाळ्यांत किनाऱ्यालगत खोल पाणी वर येतें, त्यासरशी खतद्रव्यें वर येतात, व समुद्रांत सूक्ष्म वनस्पतींचें पीक माजतें. तेंच चरून तारली पुष्ट होते. अंडीं घालण्याच्या दिवसांत ती रोडावते. पावसाळा सरल्यावर तिची चरबी वाढत जाऊन शेंकडा १० च्या वरहि चढते.

आतां शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. या तेलांत कर्ब, हायड्रोजन व प्राणवायु एवढींच मूलद्रव्यें आहेत. नत्र, स्फुरद व पालाश नाहींत. माडास जें हवें तें माशाच्या मांसांत व कांट्यांत आहे. मांसांत नत्र, कांट्यांत स्फुरद व चुना. म्हणून तेलकट तारली आळ्यांत पुरणारा तेलाचे पैसे मातींत घालतो. शिवाय तेलानें माखलेला माल सावकाश कुजतो, व वासानें कुत्रीं आळीं उकरतात. आम्हीं स्वतः एका वर्षीं हा प्रयोग करून पस्तावलों आहों.

कोणी म्हणेल, बोंबलाप्रमाणें तारलीहि वाळवून ठेवावी. परंतु बोंबलांत चरबी अगदीं थोडी, म्हणून तो चांगला वाळतो. तारलीच्या तेलांतील दुहेरी बंध हवेंतील प्राणवायु ओढून घेतात, आणि माल खवट होतो. तेव्हां मार्ग दोनच: बर्फांत ठेवून ताजी खाणें, किंवा शिजवून व दाबून तेल आणि खत वेगवेगळें काढणें. दुसरी रीत मलबार किनाऱ्यावर मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं पसरविली. सर फ्रेडरिक निकल्सन हे त्या कामाचे पुरस्कर्ते होते.

आमची सूचना अशी. ताजी तारली प्रथम माणसाच्या ताटांत यावी. आमच्या गड्यांच्या मुलांस इतकें स्वस्त व कसदार अन्न दुसरें क्वचितच मिळेल. जी उरेल तिचें तेल काढावें, आणि बागाईतदारांनीं निस्तेल खतच मागावें. हें काम कोळ्यांच्या व बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनीं मिळून केल्यास तेलाचा नफा मधल्या माणसाकडे जाणार नाहीं. सल्ल्यासाठीं दूर जावयास नको. कृषि विद्यापीठ दापोलीसच आहे, व रत्नागिरीचें सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ पासून आहे.

खरेदी करितांना आम्ही पोत्याचें वजन पाहतों. पोत्यांत काय आहे हें पाहत नाहीं. चरबी माणसाच्या पोटांत जावी व कांटा माडाच्या मुळाशीं जावा, एवढा विवेक आम्हीं बागाईतदारांनीं या हंगामापासून ठेवावा.