वनशास्त्राचा अर्ज भरा

वनरक्षक भरतीची जाहिरात आली की आपल्या वस्त्यांमधली पोरं पहाटे धावायला लागतात. आरएफओची परीक्षा निघाली की अभ्यासिकेत बसायला जागा मिळत नाही. पण एमएस्सी फॉरेस्ट्रीच्या अर्जाची मुदत कधी येते आणि कधी संपते, हे याच पोरांना विचारा. बहुतेकांना ठाऊक नसतं. आपल्याला जंगलातली नोकरी हवी आहे, जंगलाचं शास्त्र मात्र आपण दुसऱ्यांसाठी सोडून दिलं आहे.

वर्दीला माझा विरोध नाही. पोट आहे, घर आहे, नोकरी मिळवलीच पाहिजे. पण वर्दीवाला नियम राबवतो. कोणतं झाड कुठे लावायचं, कुणाच्या वापरामुळे जंगल उजाड झालं, हे ठरवताना संशोधकाच्या अहवालाचा आधार घेतला जातो. तो अहवाल लिहिणाऱ्यांत आपण किती आहोत?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "जंगल हा आदिवासींचा प्रश्न आहे, आपला नाही." हे उत्तर चुकीचं आहे. बांबूवर जगणारा बुरूड समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. विदर्भात तेंदूपत्ता तोडायला दलित बायाबापे जातात. गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या पेरणाऱ्या भूमिहीनांच्या शेतात वनीकरणाचे खड्डे खणले जातात, तेव्हा तो प्रश्न कुणाचा असतो? दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पडीक जमिनीसाठीच. आज त्याच जमिनीवर झाडं लावून तिला 'हरित' म्हटलं जातं आणि कसणारा 'अतिक्रमक' ठरतो.

ज्ञान कुणाच्या हातात आहे यानं काय फरक पडतो, त्याचं एक उदाहरण कर्नाटकातलं आहे. सत्तरच्या दशकात उत्तर कन्नड भागातल्या कागद कारखान्याला सरकार टनाला दीड रुपया दरानं बांबू देत होतं. टोपल्या विणणाऱ्यांना तोच बांबू बाजारातून कित्येक पटींनी महाग घ्यावा लागे. बांबूची बेटं मरायला लागली तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर आला. माधव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष जंगलात जाऊन पाहिलं तर प्रकार उलटा निघाला. गावकरी बांबू वरून तोडत आणि बुडाचं काटेरी आवरण तसंच ठेवत, म्हणून नवे कोंब गुरांपासून वाचत. कारखान्याची माणसं ते काटे साफ करून टाकत, कोंब उघडे पडत आणि खाल्ले जात. टोपली विणणाऱ्या बाईला हे आधीपासून माहीत होतं. पण तिच्या सांगण्याला पुरावा कोण मानतो? बाहेरून एक शास्त्रज्ञ आला, त्यानं मोजमाप केलं, तेव्हा ते 'ज्ञान' झालं. गाडगीळांचं श्रेय मी कमी करत नाही. ते मोजमाप करायला त्या बाईचीच मुलगी का नव्हती, एवढंच विचारतो.

ही व्यवस्था आजची नाही. १८७८ साली इंग्रजांनी लोकांचे जंगलावरचे हक्क कापणारा वन कायदा केला. त्याच वर्षी डेहराडूनला वनशिक्षणाची शाळा निघाली. कायदा आणि शाळा दोन्ही एकाच कामासाठी. आपण लढलो ते फक्त कायद्याशी, शाळेकडे पाहिलंच नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं घ्या. आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. १९३० सालचा कागद भूमिहीन दलिताकडे कुठून येणार? सातबाराच नव्हता. पण कायद्याचे नियम जुने नकाशे, वन विभागाच्या कार्य आयोजना, उपग्रह छायाचित्रं, बांध-बंधारे आणि वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून मान्य करतात. हे सगळं शोधून मांडणारा माणूस गावात हवा. कार्यकर्ता निवेदन लिहितो, वकील युक्तिवाद करतो. जुनी कार्य आयोजना वाचून 'या कंपार्टमेंटमध्ये तेव्हा शेती होती' हे नकाशावर दाखवणारा आपल्याकडे नसतो. दावा तिथेच पडतो.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयपुढे अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडली. तेव्हा त्यांनी कला आणि कायद्याच्या पदव्यांपेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणावर जोर दिला आणि त्यासाठी सरकारी पैसा मागितला. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे मागतो! आपण मात्र अजून बी.ए., लॉ आणि स्पर्धा परीक्षा यांतच फिरतोय.

आता अर्जाचं. राज्यात दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत एमएस्सी फॉरेस्ट्री आहे. तिथला मार्ग मुख्यतः बीएस्सी फॉरेस्ट्री केलेल्यांचा. पण तालुक्याच्या कॉलेजातून बॉटनी, झूऑलॉजी किंवा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेल्या मुलीला दार बंद नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचं अभिमत विद्यापीठ अशा विज्ञान पदवीधरांनाही एमएस्सी फॉरेस्ट्रीला घेतं. हे आपल्या मुलांना कुणी सांगतच नाही. भोपाळची वन व्यवस्थापन संस्था कोणत्याही पदवीधराला चालते, पण तिथली फी लाखांत आहे. शिष्यवृत्तीचा हिशोब आधी करा, मग पाऊल टाका.

बौद्ध मुलांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. केंद्राच्या संस्थेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला घेऊन डेहराडूनला जाल तर धावपळ होईल. तहसीलचा वेग पाहता हे काम पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरू करा.

मुलाखतीत किंवा प्रबंधाचा विषय निवडताना 'पर्यावरणाची आवड आहे' असलं गुळगुळीत बोलू नका. आजी कोणता पाला कोणत्या महिन्यात आणायची, बाप कोणता बांबू टोपलीला नाकारायचा, गायरानावर झाडं लावल्यावर शेळ्या कुठे गेल्या, हे सांगा. तो विषय इतर कुणी तुमच्याइतका आतून मांडू शकणार नाही. प्राध्यापक नाक मुरडतील. मुरडू द्या, मोजमाप पक्कं ठेवा.